काजवे बघायला टेंटमध्ये राहणार असाल तर स्लीपिंग बॅग कशी निवडायची

मे संपत आला की आमच्यात कोणीतरी विचारतंच, काजवे बघायला भंडारदऱ्याला चाललोय, टेंटमध्ये राहणारे, स्लीपिंग बॅग कुठली घेऊ. आणि मग ज्याला त्याला आपापला हिमालय आठवतो, एक म्हणतो मायनस पाचची (म्हणजे उणे पाच अंशांच्या थंडीतली) घे, दुसरा म्हणतो घेतोच आहेस तर मायनस दहाची घे, पैसे वसूल. अहो जूनमध्ये तिकडे अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याला, मायनस दहाची बॅग घेऊन काय करणार, इडली होते माणसाची आत. ऐकीव सांगत नाहीये, माझी झालेली आहे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे हिमालयातल्या ट्रेकसाठी घेतलेली जाडजूड ममी बॅग (पायाकडे निमुळती होत जाणारी) होती, म्हटलं आहे तीच नेऊ, नवीन कशाला. घाटघरच्या बाजूला एका घराच्या अंगणात टेंट लावलेला. काजवे बघून अकराला आत शिरलो आणि पंधरा मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर. मग बॅगेच्या वरच आडवा झालो तर डासांनी फोडून काढलं. दोनच्या सुमाराला वळवाची सर आली, वारा सुटला, अंग गार पडलं म्हणून परत आत, परत घाम, परत बाहेर, सकाळपर्यंत हेच. आणि शेजारी आमचा एक मित्र, ज्याने काहीच आणलं नव्हतं आणि त्या घरच्या मावशींनी दिलेली जुनी गोधडी घेऊन झोपला होता, तो घोरत होता. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय, उन्हाळ्यातली बॅग गोधडीसारखी वागली पाहिजे. हवी तेव्हा अंगावर, नको तेव्हा पायाशी, आणि पूर्ण उघडून खाली अंथरता आली तर फारच छान.

आता तिथल्या रात्रीचं बघा. काजवे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत जोरात असतात, पाऊस नीट लागला की संपलं. या दिवसांत भंडारदरा, साम्रद, रतनवाडी, तिकडे पुरुषवाडी, सगळीकडे रात्री २२ ते २५ अंशांच्या आसपास असतं, सर येऊन गेली तर अजून दोन-तीन अंश खाली. पण हवा दमट, कपडे वाळत नाहीत अशी. म्हणजे आपलं भांडण थंडीशी नाहीच, ते आहे घामाशी, ओलीशी आणि डासांशी. आणि बॅगा विकणारे मात्र तुम्हाला थंडीच विकत असतात.

तर बॅगेवरचे आकडे. चांगल्या बॅगेवर तीन असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. ही युरोपातून आलेली पद्धत, आधी ईएन १३५३७ नावाचं मानक होतं, २०१६ पासून आयएसओ २३५३७ आहे, गरम केलेला पुतळा बॅगेत झोपवून मोजतात. कम्फर्ट म्हणजे मध्यम बांध्याची बाई अंग सैल सोडून आरामात झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे मध्यम बांध्याचा पुरुष मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तास जीव वाचेल एवढंच, झोप वगैरे विसरा. गंमत अशी की पिशवीवर मोठ्या अक्षरात बऱ्याचदा हा शेवटचाच आकडा छापलेला असतो कारण तो भारी दिसतो. मी एकदा ऑनलाइन मागवलेल्या बॅगेवर नुसतं मायनस ५ लिहिलेलं, कम्फर्टचा पत्ताच नाही, ती बॅग डिसेंबरात गडावर १२ अंशाला पण कुडकुडवायची. त्यामुळे कम्फर्ट लिहिलेलं नसेल तर मी ती बॅग हातात पण घेत नाही.

काजव्यांसाठी कम्फर्ट १५ ते २० बघा. डेकॅथलॉनमध्ये बॅगांच्या नावातच २०, १०, ० असे आकडे असतात, तो कम्फर्टचाच आकडा आहे, त्यातली २० वाली या कामाला पुरते. तुम्हाला एकाच बॅगेत हे पण आणि नोव्हेंबरातलं पवना धरणाकाठचं कॅम्पिंग पण आणि कधी सप्टेंबरात अरुणाचलला झिरो गावातल्या संगीत फेस्टिव्हलला गेलात तर ते पण, असं सगळं बसवायचं असेल तर १० वाली घ्या, फक्त ती पूर्ण उघडणारी असली पाहिजे, नाहीतर जूनमध्ये परत माझ्यासारखं आत-बाहेर. शून्याची आणि त्याखालची हिमालयासाठी लागली तर भाड्याने मिळते, ट्रेकवाल्यांकडे असतेच, आठ दिवसांसाठी विकत घेऊन वर्षभर माळ्यावर ठेवण्यात काय अर्थ आहे.

पूर्ण उघडणारी म्हणजे काय, तर चौकोनी बॅग, जिची चेन एका बाजूने खाली जाऊन पायाकडून वळते. तशी चेन पूर्ण काढली की दुलई तयार. ममी बॅग खांद्याला रुंद पायाला निमुळती असते, ऊब धरायला ती उत्तम पण आपल्याला ऊब धरायचीच नाहीये. चेनला दोन रनर आहेत का बघा, एक वरून एक खालून, म्हणजे पायाकडची बाजू उघडून तळपाय बाहेर काढता येतात, उकाड्यात याने किती फरक पडतो ते एकदा करून बघा. नवरा-बायको किंवा लहान पोर बरोबर असेल तर एकाच मॉडेलच्या दोन बॅगा, एक डाव्या चेनची एक उजव्या चेनची अशा घेतल्या तर जोडून डबल बेड होतो.

चेनचं अजून एक, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. काजव्यांना अंधार लागतो, त्यांचं सगळं प्रकरणच एकमेकांना उजेडाने खुणा करून जोडीदार शोधायचं असतं, त्यात आपण टेंटमध्ये टॉर्च लावला की अख्खा टेंट आकाशकंदील होतो आणि आजूबाजूच्या झाडावरचा खेळ बिघडतो. म्हणून चेन अंधारात, हाताने चाचपून उघडता आली पाहिजे. रनरला जाडसर दोरी बांधून टाका. आणि चेन ओढताना आतलं कापड अडकतंय का ते दुकानातच दहा वेळा वर-खाली करून बघा, दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

आत काय भरलंय यावर फार डोकं खपवू नका. डाऊन म्हणजे बदकाची नाहीतर हंसाची बारीक पिसं, हलकी आणि उबदार, पण ओली झाली की बसतात आणि ऊब जाते, आणि इथे तर टेंटच्या आतल्या बाजूला पहाटे श्वासाचं पाणी धरून ठिबकतं. परत महाग. सरळ पॉलिस्टरवाली घ्या, ओली झाली तरी थोडीफार काम करते आणि लवकर वाळते. आतलं कापड मात्र बघा. गुळगुळीत पॉलिस्टर घामाने अंगाला चिकटतं, शी. सुती अस्तराची बॅग मिळाली तर उत्तम, थोडी जड असते पण गाडी टेंटपर्यंत जाणार असेल तर वजनाचं काय घेऊन बसायचं.

नाहीतर लायनर. म्हणजे बॅगेच्या आत घालायची पातळ पिशवी. विकत मिळते पण मी आईच्या जुन्या सुती साडीची केली. साधारण साडेचार मीटर कापड घ्यायचं, मधोमध दुमडायचं, घडी पायाकडे ठेवून एक बाजू पूर्ण शिवायची आणि दुसरी अर्धीच. झालं. खरं सांगू का, खूप उकडत असेल त्या रात्री मी नुसत्या लायनरमध्येच झोपतो आणि बॅग खाली अंथरतो, डास पण चावत नाहीत. आणि पॅकेजवाल्यांनी दिलेली स्लीपिंग बॅग वापरणार असाल तर लायनर पाहिजेच पाहिजे, शनिवारी तुम्ही झोपणार त्यात शुक्रवारी कोण झोपलं होतं आणि मधे ती धुतली का, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

बॅगेपेक्षा खालची मॅट महत्त्वाची आहे हे पण सांगतो. अंगाखालचा भाग वजनाने दाबला जातो त्यामुळे कितीही महाग बॅग घ्या, पाठीखाली ती चपटीच होते, आणि पावसाने जमीन ओली झाली की गारवा खालून चढतो. साधी फोमची मॅट पुरते, आणि टेंटच्या खाली प्लॅस्टिकचा कागद. तो कागद टेंटच्या बाहेर डोकावू देऊ नका, नाहीतर पावसाचं पाणी त्यावर जमून टेंटखाली येतं, आम्ही एकदा अक्षरशः पाण्याच्या गादीवर झोपलोय.

मापाचं एवढंच, बॅग तुमच्या उंचीपेक्षा वीतभर लांब पाहिजे, आणि पोट सुटलेलं असेल तर लाजू नका, दुकानात आत शिरून कूस बदलून बघा.

तिथे गेल्यावर बॅग दुपारपासून पसरून ठेवू नका, झोपायच्या वेळेलाच काढा आणि आत शिरायच्या आधी उलटी करून झटका, पहिल्या पावसाच्या आसपास विंचू-किडे बाहेर पडलेले असतात. डासांचा स्प्रे टेंटभर मारत सुटू नका, ज्यांना बघायला आलोय ते पण किडेच आहेत, अंगाला क्रीम लावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. घरी आल्यावर बॅग एक दिवस सावलीत वाळवा, मगच ठेवा, आणि ठेवताना त्या छोट्या पिशवीत कोंबून नाही तर मोठ्या उशीच्या अभ्र्यात सैल भरून, नाहीतर आतलं भरण बसतं आणि पुढच्या वर्षी हातात नुसती चादर. धुवायची असेल तर सौम्य साबण, कम्फर्ट नको (बॅगेवरचा नाही, कपड्याला लावायचा).

आणि जायच्या आधी एक रात्र घरीच पंखा आणि दिवे बंद करून हॉलमध्ये बॅगेत झोपून बघा, चेन न बघता सापडते का, पाय बाहेर काढता येतात का, मध्यरात्री बाथरूमला उठायला किती वेळ लागतो. घरचे हसतात. आमच्याकडे तर मांजर आत येऊन झोपलं, ते काही सकाळपर्यंत निघालं नाही.