लेकराच्या अंगाला वास येतो? साबण बदलण्याआधी जागा शोधा

"बाई, रोज आंघोय घालतो, तरी याच्या आंगाचा वास जात नाही." यवतमाळ जिल्ह्यातल्या पऱ्हाटी-तुरीच्या एका गावात मी अंगणवाडी सांभाळते. उन्हाळा लागला की हे गाऱ्हाणं कोणी ना कोणी आई घेऊन येतेच. शेजारणी तिला साबण बदलायला सांगतात, कोणी पावडर सुचवते. मी म्हणते, आधी वास नेमका कुठून येतो ते पाहा.

लहान लेकराच्या घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. मोठ्या माणसाच्या काखेत आणि जांघेत ज्या ग्रंथींमुळे उग्र वास येतो, त्या वयात येण्याच्या सुमारास कामाला लागतात. चार वर्षांच्या पोराचा घाम म्हणजे बहुतेक पाणी आणि मीठ. तो कातडीच्या घडीत किंवा कपड्यात मुरला, त्यावर जंतू वाढले, की वास सुटतो. नाहीतर वास घामाचा नसतोच. तो नाकाचा, कानाचा, दातांचा, लघवीचा असतो.

सकाळी आंघोळीआधी लेकराचे सगळे कपडे काढून बाजूला ठेवा. मग केस, कानामागची जागा, कान, दोन्ही नाकपुड्या, तोंड, मानेची घडी, काख, जांघ, पायाच्या बोटांमधल्या फटी अशी एकेक जागा जवळून हुंगा. शेवटी कपडे वेगळे हुंगा. हे सगळं लाडात, गुदगुल्या करत करा. नाक मुरडू नका आणि "शी, घाणेरडा" म्हणू नका. घरात मोठ्या माणसांनी टाकलेला शब्द दुसऱ्या दिवशी अंगणवाडीतली पोरं उचलतात, आणि ते लेकरू कोपरा धरून बसतं. मी हे पाहिलं आहे, आणि मला ते त्या वासापेक्षा फार वाईट वाटतं.

बहुतेक वेळा वास कपड्यांतच सापडतो. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण साबण जास्त घासतो, आणि तो खळबळून निघत नाही. त्या साबणाच्या थरात घाम अडकतो. म्हणून साबण कमी, खळबळणं जास्त. शेवटचं पाणी नितळ दिसेपर्यंत. बनियान आणि चड्डी उलटी करून वाळवा, कारण घाम आतल्या बाजूला असतो. पावसाळ्यात घरातल्या दोरीवर अर्धवट वाळलेले कपडे घडी करून ठेवले की कुबट वास धरतात. थोडं ऊन पडलं की ते पुन्हा बाहेर काढा. आंघोळ झाल्यावर कालचीच बनियान अंगात चढत असेल, तर आंघोळीचा काही उपयोग नाही.

गोधडीकडेही पाहा. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचं आहे, त्यासाठी लेकराला मारू नका. गोधडीवर रेक्झिनचा तुकडा, त्यावर जुनं लुगडं अंथरा. सकाळी लुगडं आणि चड्डी लगेच पाण्यात टाका, गोधडी बाजेवर उन्हात घाला. कोरडं झोपणारं लेकरू मध्येच पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, तर मात्र लघवी तपासून घ्या. आणखी एक गोष्ट आया लाजून सांगत नाहीत: चड्डीला थोडी थोडी शी लागलेली असते. असं लेकरू बहुतेक वेळा शी रोखून धरत असतं. आत खडा साचतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. त्याला ते कळतही नाही. हे बद्धकोष्ठ आहे, आळस नाही. डॉक्टरांकडून औषध घ्या, आणि जेवणानंतर रोज थोडा वेळ निवांत शीला बसवा.

कपड्यांना औषधासारखा झोंबणारा वास येत असेल, तर फवारणीचे कपडे त्यांच्यासोबत धुतले गेले का ते आठवा. 2017 साली आमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ते औषध कातडीतूनही अंगात जातं. फवारणीचे कपडे घराबाहेर काढा, वेगळ्या टोपल्यात धुवा, वेगळ्या दोरीवर वाळवा. फवारून आलेल्या बापाने आंघोळ करेपर्यंत लेकराला उचलू नये.

आंघोळीचं फार सांगत नाही. साबण मान, काख, जांघ आणि पाय एवढ्यालाच पुरे. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा संध्याकाळी साध्या पाण्याची दुसरी आंघोळ घाला. पुसणं मात्र नीट. घडी ओली राहिली की तिथेच वास धरतो. मुलीला धुताना हात पुढून मागे न्या. मुलाच्या लघवीच्या जागेची कातडी जोर लावून मागे ओढू नका. वास मारायला लिंबू, तुरटी, खाण्याचा सोडा लावू नका, कोवळी कातडी भाजल्यासारखी होते. पावडरीचा धुरळा आणि ओव्याची धुरी दोन्ही लेकराच्या छातीत जातात, तीही नको.

तान्ह्या बाळाच्या मानेत दूध साचून आंबतं. रोज घडी उघडून ओल्या मऊ फडक्याने पुसा आणि कोरडी करा. बाळंतीण मेथीचे लाडू खात असेल तर बाळाच्या लघवीला, घामाला गोडसर वास येऊ शकतो. तरी तो गोड, जळक्या साखरेसारखा वास आणि बाळ सुस्त, दूध ओढत नाही, असं असेल तर लाडवावर ढकलू नका, दवाखाना गाठा. नाळेला वास, पू किंवा आजूबाजूला लाली दिसली तरीही त्याच दिवशी.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत काहीतरी अडकलं आहे असंच धरा. तुरीचा दाणा, चिंचोका, गादीतला स्पंजचा तुकडा, पोरं काहीही घालतात. दाणा आत फुगतो. चिमटा, काडी, केसातला आकडा घालू नका, तो आणखी आत जातो. खेळण्यातला चपटा गोल सेल असेल तर तासाभरातही आतून भाजतं. रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा. कान वाहत असेल तर गरम तेल ओतू नका, दाखवा. डोक्यात उवांनी खाजवून फोड झाले, बोटांच्या बेचक्यात खरूज पिकली, तरी वास येतो. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, नाहीतर ती परत येते.

शाळेत जाणाऱ्याचे पाय बुटात उबतात. मोजे सुती घ्या, रोज धुवा. बूट घरी आल्यावर जीभ वर करून उन्हात ठेवा.

आता खरंच काखेतून, मोठ्या माणसासारखा वास येत असेल तर? मुलगी ८ वर्षांच्या आतली किंवा मुलगा ९ वर्षांच्या आतला असेल, तर डिओ मारून झाकू नका. अंगावर केस, छातीला गाठ, एकदम वाढलेली उंची दिसते का पाहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही निघत नाही, पण तपासणी हवीच. श्वासाला पिकल्या फळासारखा वास, सारखी तहान, सारखी लघवी आणि लेकरू वाळत चाललंय, हे मधुमेहाचं लक्षण असू शकतं. तिथे उद्यावर टाकायचं नाही.

घाईचं नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तपासणी फुकट असते, आणि पुढे पाठवायचं असेल तर तेच चिठ्ठी देतात. तारीख तुमच्या सेविकेला विचारा, आणि त्या दिवशी लेकराला वावरात नेऊ नका.