लॉकरबी खटल्यातील सिद्धदोष माणसाचे चरित्र कसे लिहावे

अब्देलबासेत अल मेग्राही या लिबियन माणसाचे छोटे चरित्र मराठीत लिहायचे असेल, तर त्याची सुरुवात त्याच्या जन्मापासून करू नये. १ एप्रिल १९५२ ही तारीख नंतर येऊ द्यावी. आधी २१ डिसेंबर १९८८ ची संध्याकाळ लिहावी. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून न्यूयॉर्ककडे निघालेले पॅन ॲम १०३ हे विमान उड्डाणानंतर सुमारे ३८ मिनिटांनी स्कॉटलंडमधील लॉकरबी गावावर स्फोटाने फुटले आणि विमानातील २५९ व जमिनीवरील ११ अशी २७० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत नाताळसाठी घरी निघालेले सिरॅक्यूज विद्यापीठाचे ३५ विद्यार्थी होते. पुढे मेग्राहीच्या बाजूने जे काही लिहावे लागेल, ते या माणसांच्या समोर लिहीत आहोत याची जाणीव लेखकाला राहते, म्हणून हा क्रम.

याच कारणासाठी ‘चरित्रनायक’ हा आपला रूढ शब्द इथे टाळावा. सर्वनामाचा प्रश्नही पहिल्याच पानावर सोडवून टाकावा. मराठी चरित्रात व्यक्तीला आदरार्थी ‘ते’ लावतात, गुन्ह्याच्या बातमीत ‘तो’ म्हणतात. मी ‘तो’ सुचवतो, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जे निवडाल ते शेवटपर्यंत बदलू नये. निकालापर्यंत ‘तो’ आणि आजारपण सुरू झाल्यावर ‘ते’ असे झाले, की लेखकाने न सांगता स्वतःचा निकाल दिलेला असतो.

टिपणे काढताना वहीचे तीन भाग करावेत: न्यायालयाने काय ग्राह्य धरले, नंतर त्यावर कोणी कोणते आक्षेप घेतले, आणि मेग्राही स्वतः काय म्हणत राहिला. तो अखेरपर्यंत स्वतःला निर्दोष म्हणत होता. प्रत्येक वाक्य यांपैकी कोणत्या भागातून आले, हे वाचकाला क्रियापदावरूनच कळले पाहिजे. ‘मेग्राहीने बॅग विमानात ठेवली’ असे लिहिणे चूक आहे, कारण न्यायालयानेही तसे म्हटलेले नाही. स्फोटक असलेली सूटकेस माल्टाच्या लुका विमानतळावरून फ्रँकफर्टमार्गे हीथ्रोला पोहोचली, असे न्यायालयाने मानले; पण लुका येथे ती विमानात कशी चढवली याचा खुलासा होत नाही आणि ही सरकार पक्षाची मोठी अडचण आहे, हे न्यायाधीशांनी निकालपत्रातच नोंदवले आहे.

सर्वाधिक वेळ माल्टाच्या पुराव्याला द्यावा, कारण सगळा वाद तिथेच आहे. सूटकेसमधील कपडे स्लिएमा येथील ‘मेरीज हाउस’ या दुकानातून घेतलेले होते. दुकानदार टोनी गाउची याने गिऱ्हाइकाचे सुरुवातीला केलेले वर्णन सुमारे पन्नाशीच्या, सहा फूट उंचीच्या माणसाचे होते. मेग्राही तेव्हा ३६ वर्षांचा आणि बराच ठेंगणा होता. खरेदी ७ डिसेंबर १९८८ ला झाली असे न्यायालयाने धरले, आणि त्या दिवशी मेग्राही माल्टात होता. स्फोटाच्या दिवशी सकाळीही तो लुका विमानतळावर होता, तोही अब्दुसमद या खोट्या नावाच्या पासपोर्टवर. लिबियन अरब एअरलाइन्सच्या सुरक्षा विभागाचा हा माजी प्रमुख खोट्या नावाने का फिरत होता, हा प्रश्न त्याच्या बाजूने लिहिणाऱ्यानेही गाळू नये. उलट, दोषसिद्धीत अन्याय झाला असावा का हे तपासणाऱ्या स्कॉटलंडच्या फेरविचार आयोगाने २००७ मध्ये सहा मुद्द्यांवर प्रकरण पुन्हा अपील न्यायालयाकडे धाडले, हेही दुसऱ्या बाजूने गाळू नये: खरेदीची तारीख ७ डिसेंबर मानण्यास वाजवी आधार नाही, आणि ओळखपरेडीच्या काही दिवस आधी गाउचीने मेग्राहीचे छायाचित्र एका मासिकात पाहिले होते, असे आयोगाला आढळले.

खटल्याची हकिगत थोडक्यात पुरे. १९९१ मध्ये आरोप, मग संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध, ५ एप्रिल १९९९ ला लिबियाकडून ताबा, आणि नेदरलँड्समधील कॅम्प झाइस्ट येथे ज्यूरीविना तीन स्कॉटिश न्यायाधीशांपुढे सुनावणी. ३१ जानेवारी २००१ ला मेग्राही खुनाबद्दल दोषी ठरला. सहआरोपी फहीमा सुटला. त्याच्याबाबत ‘पुराव्याअभावी’ असे लिहू नये, कारण स्कॉटलंडमध्ये तेव्हा ‘शाबीत नाही’ असा वेगळा निकाल उपलब्ध असूनही न्यायालयाने त्याला ‘निर्दोष’ म्हटले. गुन्ह्याचे नाव किती काटेकोर लिहावे लागते, हे आपल्याला एअर इंडियाच्या कनिष्क विमानाच्या प्रकरणावरूनही ठाऊक असायला हवे: १९८५ च्या त्या स्फोटात ३२९ माणसे गेली, पण त्या प्रकरणातील आरोपी इंद्रजीतसिंग रेयातने २००३ मध्ये कबूल केला तो सदोष मनुष्यवध, खून नव्हे.

‘जन्मठेप’ या शब्दापुढे किमान मुदत लिहावी. ती आधी २० वर्षे होती, २००३ मध्ये २७ ठरली. सुटकेच्या वेळी ‘माफी’ हा शब्द कटाक्षाने टाळावा. प्रोस्टेटचा कर्करोग बळावल्यामुळे २० ऑगस्ट २००९ ला स्कॉटलंडचे न्यायमंत्री केनी मॅकॅस्किल यांनी त्याला अनुकंपेच्या आधारावर सोडले. दोषसिद्धी तशीच राहिली. त्याआधी दोनच दिवस न्यायालयाने त्याला आयोगाने धाडलेले ते दुसरे अपील मागे घेऊ दिले होते. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात, परंतु त्यांना जोडणारा ‘म्हणून’ लेखकाने स्वतःच्या पदरचा घालू नये. अनुकंपेच्या सुटकेसाठी अपील सोडण्याची कायदेशीर अट नव्हती. कैद्याला मायदेशी हस्तांतरित करायचे असते तर ती होती, आणि लिबियाने तसाही अर्ज केलेला होता.

२० मे २०१२ ला तो त्रिपोलीत वारला. चरित्र तिथे थांबवू नये. कुटुंबीयांनी त्याच्या मृत्यूनंतर चालवलेले नवे अपील पाच न्यायाधीशांनी १५ जानेवारी २०२१ ला फेटाळले, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो आजही दोषी आहे. बॉम्ब तयार केल्याचा आरोप असलेला अबू अगिला मसूद डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेच्या ताब्यात असून त्याने आरोप नाकारले आहेत. त्याच्याविषयीच्या वाक्यात ते लिहिल्याची तारीख घालावी आणि निकाल लागेपर्यंत त्याच्या नावाआधी ‘आरोपी’ हाच शब्द ठेवावा.