मेडिकल असिस्टंट व्हायचंय? आधी हे बघा
अमेरिकेत टेक्निकल कॉलेजातून मेडिकल असिस्टंट व्हायचं असेल तर फी बघायच्या आधी कोर्सला सीएएएचईपी किंवा एबीएचईएस या कोर्स तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता आहे का ते बघा, नाहीतर पुढे सीएमए (सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट) या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसताना अडचण येते. बिलिंग, टर्मिनॉलॉजी (वैद्यकीय शब्द) वाचून जमतं. खरी मेहनत हाताच्या कामात, त्यामुळे लॅब अजिबात बुडवू नका. साधं बीपी घ्या ना, पेशंटला 5 मिनिटं शांत बसवायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात हृदयाच्या लेव्हलला, कफ (मशीनचा पट्टा) उघड्या दंडावर, शर्टवरून बांधलात की रीडिंग चुकलंच आणि डॉक्टर त्याच आकड्यावर औषध ठरवणार! प्रॅक्टिकम, म्हणजे कोर्समधलं दवाखान्यातलं प्रत्यक्ष काम, बहुतेकदा बिनपगारी असतं, पैशांची सोय आधीच करून ठेवा. सीएमएच्या परीक्षेत 160 मिनिटांत 200 प्रश्न, घड्याळ लावूनच सराव करा.