पायी निघताय? डास, गोचीड आणि गवतातल्या किड्यांच्या बाबतीत या चुका टाळा

विदर्भात शेगावला पायी जाण्याचे दोन मोठे हंगाम. माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकट दिन आणि भाद्रपदात ऋषिपंचमीला पुण्यतिथी. वाट तीच, अंतर तेच, पण चालणाऱ्यासाठी हे दोन अगदी वेगळे प्रवास आहेत. माघात गवत वाळलेलं असतं, नाले आटत आलेले असतात. भाद्रपदात पऱ्हाटी म्हणजे कपाशी वाढलेली, सोयाबीन शेंगांवर आलेलं आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना कमरेएवढा तरोटा. चावणारं जे जे काही आहे, ते याच दिवसांत जोरात असतं. तरी दोन्ही वेळी तयारी मात्र सारखीच होते: बूट, टॉर्च, पाण्याची बाटली आणि निघता निघता मेडिकलमधून घेतलेली डासांच्या मलमाची एक ट्यूब.

ट्यूब हवीच. पण खरा बचाव होतो तो कोणत्या वेळी चालायचं, कुठं बसायचं आणि कुठं अंग टाकायचं हे आधी ठरवण्यातून. बहुतेक चुका तिथंच होतात.

किलोमीटर मोजून टप्पे पाडणं

"रोज पंचवीस किलोमीटर" असा हिशेब कागदावर छान दिसतो. डांबरी रस्त्यावर तो जमतोही. पण पावसानंतरच्या काळ्या मातीत बुटाला चिखलाचे गोळे चिकटायला लागले की ताशी चार किलोमीटरचा वेग निम्म्यावर येतो, आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असतात. घामानं भिजलेले, बाह्या वर केलेले, पाय उघडे टाकून दम घेत बसलेले लोक डासांना त्याच वेळी सापडतात. मलेरियाचा अॅनोफिलिस तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्सही रात्रीचाच. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि सूर्य मावळण्याआधीच्या दोन-तीन तासांत जास्त.

म्हणून टप्पा घड्याळावर बेता. संध्याकाळी पाचपर्यंत मुक्काम गाठायचा, उजेड असतानाच साबणानं आंघोळ उरकायची आणि पूर्ण बाह्यांचे कपडे चढवायचे. ही एक सवय लागली तर निम्मा त्रास कमी होतो, असं माझं ठाम मत आहे. पहाटे लवकर निघून वेळ भरून काढू, असं ठरवणाऱ्यांनी वाट कुठली आहे ते आधी बघावं. ताडोबा, बोर, नागझिरा यांच्या आसपासच्या गावांत नीट उजाडल्याशिवाय पायी निघू नका. तिथं पहाट आणि सांज वाघाची असते, आणि जंगलातल्या वाटेवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचंच नाही.

दमल्यावर थांबायची सोय नकाशावर आधीच खूण करून ठेवा. अकोल्याहून शेगावला जाताना गायगाव, पारस, नागझरी ही रेल्वे स्टेशनं लागतात. कुणाचा पाय सुजला, अंगात कणकण आली तर त्याला हट्टानं ओढत नेण्याचं कारण नाही.

पूर्वेकडे, झाडीपट्टीत चालायचं असेल तर बेत आणखी वेगळा. भंडारा-गोंदियात मामा तलाव (जुने माजी मालगुजारी तलाव) आणि बोड्या म्हणजे लहान तळी जागोजागी, त्यांच्या खाली पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांध्या. तलावाच्या पाळीवर बसून सूर्यास्त पाहायचा मोह होतो, पण पावसाळ्यात ती जागा संध्याकाळची नाही. राज्यात मलेरियाचा जोर जास्त असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली येतो. तिकडे जायचं तर मच्छरदाणीशिवाय निघूच नका.

पांधणीचा शॉर्टकट

सगळ्यात जास्त काळजी मला या चुकीची वाटते, कारण ती चूक आहे हे कुणाला जाणवतच नाही. डांबरी रस्ता वळसा घेतो, पांधण म्हणजे शेतांमधली कच्ची वाट सरळ जाते. दोन किलोमीटर वाचतात. पावसाळ्यात वापर कमी असलेली पांधण दोन्ही बाजूंनी गवतानं दाटलेली असते, मधे बंडीच्या चाकोऱ्यांपुरती वाट. धुऱ्यावर उंदरांची बिळं. त्या उंदरांच्या अंगावर आणि आसपासच्या गवतात चिगर नावाच्या माइटची, म्हणजे गोचिडाच्या जातकुळीतल्या बारीक जिवाची, पिल्लं असतात. ती इतकी बारीक की डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. ती पायावरून वर चढतात आणि जिथं कपडा अंगाला घट्ट बसतो तिथं चावतात: कंबर, जांघ, काख, गुडघ्याची मागची बाजू. चावल्याचं कळत नाही.

याच पिल्लांमधून स्क्रब टायफस होतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण मोठ्या संख्येनं आढळले, काहींचे जीवही गेले. शेतात राबणाऱ्यांना, गवत कापणाऱ्यांना तो होतो. गवतातून दिवसभर चालणाऱ्यालाही होऊ शकतो.

तेव्हा पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत तुडवत जाणारी वाट सोडा, वळसा पडला तरी चालेल. जावंच लागलं तर पँट मोज्यांत खोचा, बूट घाला, फिकट रंगाचे कपडे घाला म्हणजे अंगावर चढणारं निदान दिसेल. विसाव्याला थेट गवतावर बसू नका. प्लास्टिकची ताडपत्री अंथरा किंवा पुलाच्या कठड्यावर, पारावर बसा. धुतलेले कपडे झुडपांवर वाळत घालायची आपली जुनी सवय आहे, ती इथं महागात पडते. पिशवीत सुतळीची एक दोरी ठेवा. मुक्कामावर अंग साबणानं चोळून धुवा; पकड न बसलेली पिल्लं त्यानं निघून जातात.

नवस असतो म्हणून अनेक जण अनवाणी चालतात. त्यांना बूट घाला असं मी सांगणार नाही. पण अनवाणी माणसानं तरी डांबरी रस्ता सोडून कडेच्या गवतात उतरू नये, आणि प्रत्येक विसाव्याला घोटे, पोटऱ्या नीट बघाव्यात.

गोचिडाला रॉकेल लावणं

ढोरांच्या गोठ्याजवळ, गुरं चरतात त्या पडीत जागेत बसलात की गोचीड चढतो. तो दिसला की कुणी रॉकेल आणतं, कुणी तंबाखू-चुना, कुणी पेटती काडी. हे सगळं टाळा. डिवचला गेला की गोचीड आपल्या पोटातलं तुमच्या रक्तात सोडण्याची शक्यता वाढते. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा. गोचिडाचं फुगलेलं पोट धरायचं नाही. कातडीला अगदी लागून, त्याच्या तोंडापाशी पकडायचं आणि सरळ वर, एकसारख्या जोरानं ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. दोन-चार सेकंद कातडी तंबूसारखी वर ओढली जाते आणि मग तो सुटतो. जागा साबणानं धुवायची, तारीख मोबाइलमध्ये लिहून ठेवायची.

मुक्कामाची जागा अंधारात निवडणं

जिल्हा परिषदेच्या शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, ओळखीच्या कास्तकाराचं घर. आपल्याकडे पायी जाणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, हे विदर्भाचं मोठेपण. पण जागा उजेडात बघून घ्या. जवळ तुंबलेली नाली, टाकी, जुने टायर आहेत का? गोठा भिंतीला लागून आहे का? मातीच्या भेगाळलेल्या भिंती आणि गोठे ही वाळूमाशीची राहायची जागा. ही माशी डासाहून बरीच लहान असते, फार उंच उडत नाही आणि साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून आत येते. नागपूरजवळच्या चांदीपुरात 1965 साली जो विषाणू पहिल्यांदा सापडला, तो तिच्यामार्फतच पसरतो आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त. म्हणून बरोबर मुलं असतील तर भिंतीला चिकटून झोपवू नका. खाट असेल तर खाटेवर, पंखा असेल तर पंख्याखाली. वाऱ्यात डास आणि वाळूमाशी दोघांनाही नीट उडता येत नाही. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली हवी. अंग जाळीला टेकलं तर डास बाहेरूनही चावतो.

व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटखाली झोपू नका. पावसाळ्यात तिथं नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा तो बारीक किडा येतो, ज्याला लोक अॅसिड फ्लाय म्हणतात. तो चावत नाही, पण मानेवर चिरडला गेला की दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखा चट्टा उठतो. त्याला फुंकरीनं उडवा आणि जागा साबणानं धुवा.

मलम एकदा लावलं की झालं, असं समजणं

पाकिटावर घटक आणि टक्के लिहिलेले असतात, ते वाचा. डीट हे डास पळवणारं रसायन दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर असर दोनेक तास. वीस-तीस टक्क्यांत तो पाच तासांपर्यंत जातो. घामानं त्याआधीच उतरतो. सिट्रोनेलासारखी तेलं त्याहून लवकर उडतात, त्यांच्यावर दिवसभराचा भरवसा नको. उन्हाचं क्रीम लावायचं असेल तर ते आधी, डासांचं नंतर. घोट्यांवर, मोज्यांवर, पँटच्या काठावर लावायला विसरू नका; कपड्याखाली लावू नका. डीटनं चष्म्याची फ्रेम आणि घड्याळाचा प्लास्टिक पट्टा खराब होतो, तेव्हा हात पुसून घ्या. लहान मुलांच्या हाताला लावू नये, हात तोंडात जातात.

आग्या मोहोळाखाली धूर

चहासाठी चूल पेटवण्याआधी वर बघा. वड, काटेसावर, पाण्याची टाकी, पुलाचा कमानीखालचा भाग इथं आग्या माशांची पोळी लोंबत असतात. धूर, दगड, आरडाओरडा, उग्र अत्तर यांनी त्या उठतात. उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. दुपट्टा तोंडावर घ्या आणि सरळ पळा, घरात किंवा बंद गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी जितक्या लवकर निघेल तितकी काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली किंवा डंख खूप असतील तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना.

खाजेवर मिळेल ते चोळणं

गार पाणी, कॅलामाइन लोशन, रात्री झोप मोडत असेल तर डॉक्टरांना विचारून सेट्रिझिन. एवढ्यावर बहुतेक चावे शांत होतात. मेडिकलमध्ये "खाजेची ट्यूब" मागितली की स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं क्रीम हातात पडतं. ते मनानं लावू नका. आधीची गजकर्णाची जागा असेल तर ती त्यानं आणखी पसरते. नखं कापलेली ठेवा. खाजवून फोडलेल्या जागेत चिखल गेला आणि पू झाला तर चालणं थांबवायचं.

घरी आल्यावरचा ताप "थकवा" समजणं

पायी जाऊन आलं की दोन दिवस अंग दुखतंच. पण आठ-दहा दिवसांनी ताप चढला तर तो चालण्याचा शीण नसतो. डेंग्यू साधारण चार ते दहा दिवसांत, स्क्रब टायफस दहाएक दिवसांत, मलेरिया आठवड्यानंतर कधीही डोकं वर काढतो. तोवर चालल्याचं आपण विसरलेलो असतो, डॉक्टरांना सांगत नाही आणि साध्या तापाच्या गोळ्यांवर मोलाचे दिवस जातात. स्क्रब टायफसला डॉक्सीसायक्लिन चांगलं लागू पडतं, पण ते वेळेत आणि डॉक्टरांनीच सुरू करायला हवं. निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉलच घ्या. आयब्रुफेन, अॅस्पिरिन टाळा, कारण डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलेरियाची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. गडचिरोलीत तर गावातल्या आशाताईंकडेही किट असतं.

दवाखान्यात जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: कुठून कुठे चाललात, कुठल्या तारखांना, आणि कुठे झोपलात. दवाखान्याला निघण्याआधी घरच्या माणसाकडून काख, जांघ, कंबर, पाठ, कानामागची जागा नीट पाहून घ्या. सिगारेटनं भाजल्यासारखी, न दुखणारी काळी खपली ही चिगर चावल्याची, स्क्रब टायफसची खूण असू शकते; दिसली तर ती डॉक्टरांना स्वतः दाखवा, ते विचारतील म्हणून थांबू नका.