दोन माइक लावले की डिस्टॉर्शन गिटार पोकळ वाजते: माझा अनुभव

मेटल अल्बमच्या ऱ्हिदम गिटार घेत होतो. एकाच स्पीकरसमोर शुअर एसएम ५७ माइक आणि एक रिबन माइक (आत धातूची पातळ पट्टी असलेला). सुटे ऐकले तर दोन्ही झकास. एकत्र केले की पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवलेल्या सुरांचा) दणका गायब, आवाज डब्यातून आल्यासारखा. ईक्यू फिरवला, गेन उतरवला, केबल बदलल्या. डोकं उठलं, फरक शून्य.

घोळ फेजचा होता, म्हणजे दोन माइकपर्यंत आवाज वेगवेगळ्या वेळी पोचत होता आणि त्याच्या लहरी एकमेकींना मारत होत्या. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एक माइक १७ सेंटीमीटर मागे असेल तर १ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज कापला जातो, कारण तेवढं अंतर त्याच्या अर्ध्या लहरीइतकं भरतं.

आधी एसएम ५७ जाळीपासून दोन बोटांवर पक्का केला. त्याला पुन्हा हात लावायचा नाही. दोन्ही ट्रॅक मध्यभागी पॅन, लेव्हल सारखी. रिबनच्या चॅनलवर पोलॅरिटी उलटी केली, म्हणजे त्याची लहर वरची खाली केली. गिटारिस्टला एकच रिफ वाजवत ठेवलं आणि कान झाकणारे (क्लोज्ड-बॅक) हेडफोन लावून रिबन किंचित किंचित सरकवला, एकत्र आवाज सगळ्यात किरटा होईपर्यंत. उलट्या पोलॅरिटीत जिथे सगळ्यात किरटा, तिथेच सरळ केल्यावर सगळ्यात भरीव. तिथेच स्टँड आवळला, पोलॅरिटी सरळ केली. दणका हजर!

रेकॉर्डिंग उरकलं असेल तर उशिरा पोचलेल्या माइकचा ट्रॅक झूम करून, लहरी जुळेपर्यंत थोडा आधी सरकवा. मात्र डावी-उजवीकडचे वेगळे टेक (तोच रिफ पुन्हा वाजवून घेतलेले) असे जुळवायला जाऊ नका. रुंदी त्या फरकातूनच मिळते.