बारावीनंतर पदवीच्या पहिल्या वर्षात येण्याचे वेगळे मार्ग

बारावीचा निकाल लागला की गुणवत्ता याद्या, प्रवेशफेऱ्या आणि शुल्काच्या मुदती यांची धावपळ सुरू होते. त्यात ज्यांचा नंबर लागत नाही, किंवा घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना रोज वर्गात बसणे शक्य नसते, त्यांना ‘वर्ष वाया गेले’ असे ऐकून घ्यावे लागते. ऐकवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु पदवीचे शिक्षण सुरू करण्याचे मान्यताप्राप्त मार्ग आज अनेक आहेत आणि केवळ ते माहीत नसल्यामुळे होतकरू मुले शिक्षण सोडून देतात, याचे मनापासून वाईट वाटते.

सर्वांत आधी आपली अडचण नेमकी कोणती, हे कागदावर लिहून काढावे. अडचण वेळेची आहे, पैशांची आहे की गुणांची, यावर पुढचा मार्ग ठरतो. वेळेची अडचण असलेल्याने नियमित महाविद्यालयात नाव घालून हजेरीसाठी झगडण्यात अर्थ नाही, आणि केवळ पैशांची अडचण असलेल्याने लगेच नियमित वर्ग सोडून देण्याचेही कारण नाही.

नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून शिकायचे असेल तर मुक्त विद्यापीठाचा विचार प्रथम करावा. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे आणि तेथे कला व वाणिज्य शाखांची पदवी मराठी माध्यमातून घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजेच इग्नू, १९८५ मध्ये स्थापन झाले असून तेथे जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत प्रवेश मिळतो. त्यामुळे पावसाळ्यात प्रवेश हुकला तरी पूर्ण वर्ष थांबावे लागत नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातून किंवा ऑनलाइन मिळालेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे या पदवीवर स्पर्धा परीक्षा देता येणार नाहीत, ही गावोगावी ऐकू येणारी भीती निराधार आहे.

मात्र ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द येथे फार महत्त्वाचा आहे. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणे पुरेसे नाही; आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी दूरशिक्षणाची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे आणि मगच शुल्क भरावे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, वास्तुशास्त्र, कायदा यांसारख्या पदव्या दूरशिक्षणातून देता येत नाहीत. २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि आहारशास्त्र यांसारख्या विषयांनाही ही बंदी लागू झाली आहे. एखादा एजंट अशी पदवी ‘घरबसल्या’ मिळवून देतो म्हणत असेल, तर तेथून निघून यावे.

मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण मंडळाचा विद्यार्थी ओळखक्रमांक, काढावा लागतो आणि त्यासाठी डिजिलॉकरमधून मिळणारा एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक जमा ठेवणाऱ्या खात्याचा क्रमांक, लागतो. खरी अडचण येथे येते. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव आणि त्यानंतर वडिलांचे नाव असते, तर आधार कार्डावर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. त्यातच ‘जयश्री’, ‘ज्ञानेश्वर’ अशा नावांचे इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे पडलेले असते. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकू शकतो आणि आधारमधील दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणून निकालाची वाट न पाहता दहावीची गुणपत्रिका आणि आधार कार्ड शेजारी ठेवून नाव व जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. प्रवेश मिळाल्यावर स्वाध्याय (असाइनमेंट) मुदतीत सादर करावेत. मुक्त शिक्षणात हजेरी घेणारे कोणी नसल्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतात ते बहुतेक येथेच.

तंत्रशिक्षणात दुसराच दरवाजा आहे. बारावी विज्ञान किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यांना महाराष्ट्रात पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमा झालेल्यांना त्यातील गुणांवर, सीईटी न देता, अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते. हाताने काम करण्याची आवड असलेल्या मुलांना हा मार्ग मी आवर्जून सुचवेन. पण त्यातील कठीण जागाही सांगितली पाहिजे. दुसऱ्या वर्षाचे गणित, ज्याला सगळे ‘एम-थ्री’ म्हणतात, पहिल्या वर्षाचे गणित झाले आहे असे धरूनच शिकवले जाते. म्हणून डिप्लोमाचा निकाल आणि प्रवेश यांमधल्या आठवड्यांत संकलन, विकलक समीकरणे आणि मॅट्रिक्स यांचा रोज सराव करावा. वर्ग सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ उरत नाही.

जेईईत यश न मिळालेल्यांना आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधील ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम खुला आहे. तेथे चार आठवडे अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. शिक्षण ऑनलाइन असले तरी परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या असतात आणि माध्यम इंग्रजी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळी घेण्यास परवानगी दिल्यामुळे गावच्या महाविद्यालयातील बी.एस्सी.सोबतही तो करता येतो; पण पहिल्या सत्रात दोन्हींचा भार पेलतो का, हे प्रामाणिकपणे तपासावे.

अडचण केवळ पैशांची असेल तर नियमित महाविद्यालयातच ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी करावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात रुजवलेली ही परंपरा आजही अनेक महाविद्यालयांत चालू आहे. ग्रंथालय, कार्यालय किंवा बागेत रोज काही तास काम केल्यास तासांप्रमाणे मोबदला मिळतो. जागा मर्यादित असल्यामुळे प्रवेशाच्या दिवशीच विद्यार्थी विकास विभागात अर्ज द्यावा.

बारावीचे विषय राहिले असतील तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी पूर्ण करता येते. तेथील नोंदणी पाच वर्षे चालते.

आणि एखाद्याने विचारपूर्वक एक वर्ष थांबायचे ठरवले असेल, तर ते वर्ष कागदपत्रांसाठीही वापरावे. जात पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र यांचे अर्ज लगेच करावेत, कारण व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेरीत यांतील एक कागद नसला तरी राखीव जागा हातची जाऊ शकते. पुढील वर्षी प्रवेश घेताना शिक्षणात खंड (गॅप) पडल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, ते तयार ठेवावे. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची मूळ प्रत कोठेही जमा करण्यापूर्वी तिच्या साक्षांकित प्रती काढून घ्याव्यात.