बंद लाईनवर काम करताना : अर्थिंग होईपर्यंत तार जिवंतच समजा

शटडाऊन, म्हणजे कामासाठी पुरवठा बंद, मिळाले म्हणजे लाईन मेली, हा समज खांबावर चढण्यापूर्वीच मनातून काढून टाकावा. स्विच उघडल्याने पुरवठ्याचा एक रस्ता बंद होतो. तार मात्र इतर मार्गांनी पुन्हा जिवंत होऊ शकते. एखाद्या ग्राहकाने चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच) न बसवता जनरेटर सुरू केला, तर त्याचे २३० व्होल्ट ट्रान्सफॉर्मरमधून उलटे जाऊन ११ केव्ही लाईनवर हजारो व्होल्ट होऊन उभे राहतात. लाईनमन यालाच रिटर्न सप्लाय म्हणतात. शेजारून समांतर जाणाऱ्या चालू लाईनमुळे बंद तारेत जो दाब (व्होल्टेज) प्रवर्तित होतो, तो तर आपल्या लाईनचा कोणताही स्विच उघडून थांबत नाही.

म्हणून परमिट, म्हणजे कामाची परवानगी, घेताना लाईनला येणारा प्रत्येक पुरवठा शोधून तोडावा. लाईन तोडणाऱ्या, खांबावरच्या एबी स्विचची तिन्ही पाती खरोखर उघडली आहेत, हे डोळ्यांनी पाहावे, कारण हँडल खाली आले तरी एखादे पाते अडकून राहू शकते. हँडलला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवावी आणि सूचनाफलक टांगावा. घड्याळावर ठरवलेले शटडाऊन कधीही घेऊ नये. ‘चार वाजता चालू करा’ असे सांगून वर चढलेल्या माणसाचे काम लांबले, तर ते खाली कोणालाच कळत नाही.

यानंतर त्या दाबासाठीच बनवलेला टेस्टर, रबरी हातमोजे घालून, इन्सुलेटेड काठीनेच तारेजवळ न्यावा. तो आधी चालू पुरवठ्यावर तपासावा, मग तिन्ही फेज, म्हणजे पुरवठ्याच्या तिन्ही तारा, पाहाव्यात आणि शेवटी टेस्टर पुन्हा चालू पुरवठ्यावर तपासावा. मधल्या वेळात त्याचा सेल संपला असेल, तर चालू तारेवरही तो गप्पच राहील.

खरा आधार अर्थिंगचा, म्हणजे तारा वायरने जमिनीशी जोडण्याचा. या वायरचा क्लॅम्प प्रथम जमिनीच्या बाजूला घट्ट करावा आणि मगच काठीने एकेक फेज जोडावी. हा क्रम उलटला, तर लोंबणारी मोकळी वायर जिवंत होते आणि ती आपल्याच अंगाजवळ असते. तारेवरचा काळपट थर ब्रशने घासून काढल्याशिवाय क्लॅम्प लावू नये. सांध्यात केवळ १ ओहम रोध राहिला आणि १,००० अँपिअर प्रवाह आला, तर तेथेच १,००० व्होल्ट उभे राहतात, आणि हृदयातून जाणारा प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या आसपासचा असला तरी तो जीव घेऊ शकतो. दूरच्या खांबावरील अर्थिंगवर विसंबू नये. आपण ज्या खांबावर आहोत, तेथेच तिन्ही फेज, न्यूट्रल आणि पायाखालचा खांब एकमेकांना जोडावेत, म्हणजे हात आणि पाय यांच्यात धोकादायक दाब राहत नाही. हे संरक्षण खाली उभ्या असलेल्या मदतनिसाला मिळत नाही; त्याने खांबापासून दूरच थांबावे.

काम संपल्यावर आधी फेजचे क्लॅम्प, शेवटी जमिनीचा क्लॅम्प काढावा. पहिला क्लॅम्प सुटला की तारेला पुन्हा हात लावू नये. सर्व माणसे आणि सर्व क्लॅम्प मोजून झाल्यावर, ज्याने परमिट घेतले त्यानेच ते परत करावे.